आतून-बाहेरून एकच किल्ली

मी, तानाजी विश्राम धुरी, वय वर्षे एकसष्ट, धर्म हिंदू, मूळ राहणार तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, गेली एकोणतीस वर्षे ओमान देशात डिझेल मेकॅनिक, सध्या मुक्काम इब्री गावाबाहेर अर्बाब, म्हणजे माझे मालक, खल्फान यांच्या खजुराच्या बागेत उभी असलेली कॅराव्हॅन, म्हणजे निजण्या-शिजवण्याची सोय असलेली मोठी गाडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी विहिरीच्या पंपाची मोटर पूर्ण उघडली, साफ केली, परत बसवली आणि एकही स्क्रू हातात उरला नाही, हा त्याचा पुरावा धरावा. मला कोणी दमदाटी केलेली नाही की लालूच दाखवलेली नाही. भीती मात्र आहे. भीतीने लिहिलेलं मृत्युपत्र कायद्यात बसतं की नाही, मला माहीत नाही. बसत नसेल तर बसवून घ्यावं, कारण भीती नसती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

कलम १. मी मेल्याचं ज्याला पहिल्यांदा कळेल त्याने माझ्या देहाची घाई करू नये. माझी घाई तेव्हा संपलेली असेल. त्याने आधी माझ्या विजारीच्या डाव्या खिशात हात घालावा, तिथली पितळी किल्ली काढावी आणि धावत जाऊन कॅराव्हॅनचं दार उघडावं. आत माझी पत्नी सुगंधा आहे. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिला विसरण्याचा आजार आहे. तिला ते दार आतून उघडता येत नाही, कारण मी ते तसं केलेलं आहे.

हे वाचून माझा पुतण्या देवेश म्हणेल, काकी तर गावाला आहे. गावाला माझ्या चुलत भावाला विचारलं तर तो म्हणेल, वहिनी तिकडे मस्कतला आहे. दोघांनाही तसं मीच सांगितलेलं आहे. ती गावालाही नाही आणि मस्कतलाही नाही. तीन वर्षं ती या साडेसात फूट रुंद आणि वीस फूट लांब गाडीत माझ्याबरोबर राहते आणि ही गोष्ट माझ्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नाही. मी पडलो तर तिला शोधायला कोणी येणार नाही. ती हरवली आहे हेच कोणाला माहीत नसेल.

कलम २. किल्ली सापडली नाही तर दार फोडत बसू नये, वेळ जाईल. मूळचं हँडल साधं होतं, आतून ढकललं की उघडायचं. सुगंधा दोनदा डांबरी रस्त्यापर्यंत गेली. दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचली. त्या दिवशी मी ते हँडल काढून टाकलं आणि पोलादी पट्टीचं दुहेरी कुलूप बसवलं, आतून-बाहेरून एकच किल्ली. बिजागऱ्या वेल्ड केल्या. खिडक्यांना बाहेरून जाळी लावली आणि बोल्टची डोकी घासून गुळगुळीत केली, म्हणजे कुठलाही पाना लागू नये. एकोणतीस वर्षांत इतकं पक्कं काम माझ्या हातून झालं नव्हतं. पूर्ण झाल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन ते बघत उभा राहिलो होतो, मूर्खासारखा खूश होऊन. आता तेच काम डोळ्यापुढे आलं की मी खिशातली किल्ली चाचपतो.

तर छपरावर चढावं. शिडी पंपखोलीच्या मागे आडवी ठेवली आहे. छपराला मागच्या बाजूला हवेसाठी चौकोनी झाकण आहे, दीड फूट बाय दीड फूट. त्याचे चार स्क्रू मी मुद्दाम ढिले ठेवले आहेत. झाकण काढल्यावर एकदम उडी मारू नये, ती घाबरेल. आधी "बायो" अशी हाक मारावी. सुगंधा या नावाला ती आता नेहमी ओ देत नाही. बायो हे तिचं माहेरचं नाव. मग पाण्याची बाटली दोरीने सोडावी आणि नंतर माणसाने उतरावं. पोट सुटलेल्या माणसाने प्रयत्न करू नये. देवेश, हे तुला आहे.

मे ते सप्टेंबर असेल तर हे सगळं अर्ध्या तासात झालं पाहिजे. एसीची वीज पंपखोलीतून येते आणि तिथली वीज कधीही ट्रिप होते. मागच्या सप्टेंबरात सुगंधेला घेऊन मी झाडाखाली बसलो आणि एसी बंद करून आत थर्मामीटर ठेवला. पन्नास अंशांवर पोचायला त्याला चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून चाळीस हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

कलम ३. तानाजीने बायकोला डांबून ठेवली, असं लोक म्हणतील. ठेवलीच आहे. पण का, ते इथे लिहून ठेवतो.

सन २०१२ च्या गौरी. देवेश मस्कतमध्ये अल् खुवैरच्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला आणि अल् घुब्राला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सूनबाई पूर्वा पुण्याची. तिला आमच्याकडचा ओवसा माहीत नव्हता, तरी देवेशच्या घरची रीत म्हणून तिने तो हौसेने केला, हे मी मान्य करतो. ओवशाला नवी सून सुपात फळं, पानसुपारी ठेवून ते गौरीपुढे ओवसते, मग सूप घरातल्या वडीलधाऱ्यांना देऊन पाया पडते. घेणाऱ्याने त्या सुपात काहीतरी भेट घालायची असते. इथे परदेशात वडीलधारी बाई एकटी सुगंधाच होती. तिने भेट म्हणून आपली मोहनमाळ रुमालात बांधून आणली होती.

पूर्वाने सूप दिलं. सुगंधेने ते घेतलं, क्षणभर बघत राहिली आणि तेच सूप पुन्हा पूर्वापुढे धरून खाली वाकली. त्या पंचवीस वर्षांच्या मुलीच्या पायांवर तिने डोकं ठेवलं. लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या माझ्या बायकोला वाटलं, नवी सून आपणच आहोत. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. पूर्वा तोंडावर हात ठेवून हसली आणि मग सगळे हसले. मी सुगंधेला उठवलं, तिच्या पायात चपला घातल्या आणि पानावर न बसता पावणेतीनशे किलोमीटर गाडी हाणत इब्रीला परत आलो. वाटेत ती मला विचारत होती, "सासूबाय रागावल्यो काय?" त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलेलो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आजार वाढत जाणार, जागा बदलू नका. तेव्हा आम्ही गॅरेजच्या मागच्या इमारतीत एका खोलीत होतो. ती जिना चुकायची आणि एकट्या राहणाऱ्या परक्या पुरुषांची दारं वाजवत बसायची. फक्त या कॅराव्हॅनमध्ये ती शांत असायची. ही गाडी मी २००६ साली एका जर्मन जोडप्याकडून घेतली, इंजिन जाम झालं म्हणून ते टाकून चालले होते. अर्बाबने ती बागेत उभी करू दिली. चाकं काढून ठोकळ्यांवर ठेवली. दर शुक्रवारी आम्ही इथे यायचो, ती जेवण करायची, मी इंजिन दुरुस्त करायचो. दक्षिणेला समुद्रकाठच्या सलालापर्यंत गाडीने जायचं असं ठरलं होतं. इंजिन अजून दुरुस्त झालेलं नाही. पण आत सगळं हाताच्या अंतरावर आहे, चूल, पाणी, बिछाना, काही चुकायला जागाच नाही, म्हणून तिला ते लक्षात राहिलं. मग आम्ही कायमचे इथेच आलो.

सन २०१३ मध्ये गॅरेज बंद झालं. अर्बाबने मला बागेचा कामगार म्हणून घेतलं. त्या व्हिसावर बायको ठेवता येत नाही, म्हणून तिला घेऊन गावी जायचं मी ठरवलं, देवेशला तारीखही कळवली. विमानतळावर पासपोर्ट दाखवायच्या रांगेत सुगंधेने माझा हात झटकला आणि तिथल्या पोलिसाला हिंदीत सांगितलं, "ये आदमी मेरा कोई नहीं. मुझे लेके जा रहा है." आम्हाला एका खोलीत बसवलं. दोन तास मी कागद दाखवत होतो आणि ती माझ्याकडे असं बघत होती की मलाच वाटायला लागलं, आपण हिला पळवून तर नेत नाही ना. शेवटी त्यांनी सोडलं, पण विमान निघून गेलं होतं. देवेशचा फोन आला, "काका, विमान सुटलं का?" मी म्हटलं, सुटलं. तेवढं खरंच होतं. तिला घेऊन मी पुन्हा बागेत आलो. पुढे त्याने तीन वेळा काकीची चौकशी केली, तिला फोनवर बोलता येत नाही असं मी सांगितलं. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही. मी वाट पाहत होतो. विचारलं असतं तर कदाचित मी सांगून टाकलं असतं.

तिच्या व्हिसाची मुदत संपून आता दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी सरकारने सवलत दिली होती, कागद नसलेल्यांनी दंडाशिवाय मायदेशी जावं. मी मस्कतला जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, बाई कुठे आहे, तिला समोर आणा. मला तो विमानतळावरचा पोलीस आठवला. पुन्हा ती तेच म्हणाली, तर या वेळी तिला एका गाडीत घालतील आणि मला दुसऱ्या. मी कागद गोळा केले आणि निघून आलो. माझ्या आयुष्यातल्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी आहे, हे मला बाहेर पडता पडताच कळलं होतं, तरी पाय मागे वळले नाहीत.

अर्बाबला यातलं काही माहीत नाही. तो महिन्यातून एकदा येतो, फाटकावर हॉर्न देतो, झाडं बघतो आणि जातो. दुसऱ्याच्या दारापर्यंत जायचं नाही ही त्याची रीत आहे. भला माणूस आहे. त्याच्या भलेपणाचा मी गैरफायदा घेतला, त्याबद्दल त्याला माझ्या वतीने माफी सांगावी.

कलम ४. मागच्या जुलैत काय झालं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास बागेची वीज गेली म्हणून मी दाराला कुलूप घालून पंपखोलीकडे निघालो. दहा मिनिटांचं काम. फ्यूजपर्यंत हात नेला आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पाठीवर पडलो होतो आणि ऊन दाराच्या चौकटीतून सरकून माझ्या छातीवर आलं होतं. घड्याळात दीड वाजून गेला होता. वीज अजून बंदच होती आणि किल्ली माझ्या खिशात होती.

उठून पळताना मी दोनदा पडलो. कुलपात किल्ली जाईना. आतून काही आवाज नव्हता. दार उघडलं तेव्हा भट्टीचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. सुगंधा न्हाणीच्या कोपऱ्यात लादीवर बसली होती, अंगावर बादलीतलं सगळं पाणी ओतून घेतलेलं, चेहरा लालभडक. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "इलात? च्या टाकू?"

मी हसलो. लादीवर बसून मोठ्याने हसत सुटलो, थांबताच येईना. माझ्या अंगात एवढी भीती भरली होती आणि बाहेर पडताना तिने हसण्याचं रूप घेतलं. त्या दिवसापासून मला पूर्वाचं हसणं वेगळं आठवायला लागलं. समोरची सासू आपल्या पायांवर डोकं ठेवते आहे हे बघून ती पोर घाबरली असेल. तीन वर्षं मी तिच्यावर दात धरून होतो आणि तो दात इतका जुना झाला होता की उपटताना मलाच दुखलं.

कलम ५. मालमत्तेची व्यवस्था. आता थोडक्यात उरकतो.

मोहनमाळ पूर्वाला द्यावी. सुगंधेने तिच्या सुपात घालायला आणलेली ती तीच आहे, रुमालही तोच आहे. तेव्हा द्यायची राहिली. देताना देवेशने भाषण करू नये.

बँकेतली शिल्लक आणि गावच्या घरातला माझा हिस्सा सुगंधेच्या देखभालीसाठी. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक देवेश. तो हिशेबात चोख आहे, एवढं त्याच्या वडिलांवर गेला आहे.

हत्यारांची पेटी मात्र देवेशला देऊ नये, त्याला बल्ब बदलता येत नाही. ती जुन्या गॅरेजातल्या बाबामियाँला द्यावी. पेटीत एकोणीस नंबरचा रिंग पाना नाही. तो २००९ सालापासून बाबामियाँकडेच आहे, त्याने कितीही शपथा घेतल्या तरी.

कॅराव्हॅन अर्बाबला द्यावी. चाकं पंपखोलीत तेल लावून ठेवली आहेत. इंजिन कोणी सुरू करायला जाऊ नये.

माझा देह गावी पाठवू नये. त्यात पंधरा-पंधरा दिवस जातात आणि तेवढे दिवस सगळे माझ्या कागदांमागे धावतील. तिच्याकडे कोण बघणार? या देशात कायद्याने परवानगी असेल तिथे अग्नी द्यावा आणि मोकळं व्हावं.

कलम ६. सुगंधेला जिथे ठेवाल तिथे खोली अशी लावावी. बिछाना डाव्या हाताला, भिंतीला लागून, उशी खिडकीकडे. पायथ्यापासून तीन पावलांवर शेगडी किंवा शेगडीसारखं काहीतरी. शेगडीच्या उजवीकडे पाण्याचा माठ, कंबरेच्या उंचीवर. त्याच्यावर खुंटी, खुंटीला तिचा निळा टॉवेल. तीन पावलं म्हणजे तिची पावलं, पावणेपाच फूट. मी टेपने मोजून घेतलं आहे. हे एवढं जमलं तर ती जागा बदलली हे तिला फार जाणवणार नाही, अशी माझी आशा आहे.

मी गेलो हे तिला सांगू नये. गरजही पडणार नाही. बऱ्याच दिवशी ती मला ओळखत नाही, पण मला भीतही नाही. समोर खुर्ची ठेवते आणि सांगते, "माजो घोव पंपार गेलोहा. येतलो आत्ता. बसा." घोव म्हणजे नवरा. मी बसतो. ती मला माझ्याबद्दल सांगते, माझा नवरा रागीट आहे, पण हाताला गुण आहे, बंद पडलेलं काहीही चालू करतो. मी गेल्यावर तिने विचारलं, तर पंपावर गेला आहे असंच म्हणावं.

तिला पोलिसांसमोर न्यावं लागलं, तर बाई माणूस बरोबर असावं आणि रांगेत उभं करू नये. दंड, शिक्षा जे असेल ते माझ्या नावावर लिहावं. कुलूप मी केलं, खोटं मी बोललो, तिने काहीही केलेलं नाही.

कलम ७. हे सगळं लिहून झाल्यावर मला वाटलं होतं की आता छातीवरचा दगड उतरेल. मागच्या शुक्रवारी मी इब्रीच्या बाजारात हुसैनमियाँच्या दुकानात गेलो. हुसैनमियाँ राजापूरकडचा, त्याचं किराणा दुकान आहे आणि वीस वर्षांची आमची ओळख. दर शुक्रवारी पीठ, तेल, भाजी मी त्याच्याकडून नेतो आणि तेवढा वेळ सुगंधा कुलपात असते.

मी म्हटलं, "हुसैनमियाँ, एक बंद पाकीट ठेवशील? मी मेल्यावर उघडायचं."

"ठेवतो ना, तिजोरीत ठेवतो. पण तू मेलास हे मला कळणार कधी?"

"शुक्रवारी आलो नाही की समज."

तो हसला. "एक शुक्रवार नाय आलास तर मी बोलेन, तानाजीला काम असेल. दुसरा नाय आलास तर फोन करेन. तिसऱ्याला गाडी काढेन, इन्शाल्ला." मग पीठ तोलता तोलता म्हणाला, "तुला कसली रे घाई? इथं एकटा माणूस तू. कोण बसलंय तुझी वाट बघत?"

मी पीठ घेतलं आणि निघालो. पाकीट खिशातच राहिलं. गाडीत बसल्यावर मला नीट कळलं की मी काय करून बसलो आहे. सहा कलमं लिहिली, शिडी कुठे आहे, स्क्रू किती, हाक काय मारायची, सगळं बारीकसारीक लिहिलं आणि ते पाकिटात घालून चिकटवलं. तो तिसऱ्या शुक्रवारी उघडणार. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत. मेल्यानंतर वाचायच्या कागदाने तिचा जीव वाचणार नव्हता, तो कागद फक्त माझं मन हलकं करण्यासाठी होता. मला स्वतःची इतकी भीती यापूर्वी कधी वाटली नव्हती. उन्हाळा तोंडावर आला आहे, काल दुपारी चाळीसच्या वर गेलं.

मी हुसैनमियाँला फोन केला आणि येत्या शुक्रवारी नमाजनंतर भाभींना घेऊन बागेत ये, दोन साक्षी हव्या आहेत, असं सांगितलं. साक्षीदारांनी मजकूर वाचावा असं कायद्यात नाही, त्यांनी फक्त माझी सही होताना बघायची. त्यामुळे शेवटच्या घटकेपर्यंत न सांगण्याची वाट माझ्यासाठी मोकळी होती आणि ती मी सोडली नव्हती, हेही लिहून ठेवतो.

कलम ८. हे कलम आज शुक्रवारी, साक्षीदार आल्यानंतर लिहिलेलं आहे.

हुसैनमियाँ आणि आमिनाभाभी दोन वाजता आले. पंपखोलीच्या सावलीत चटई टाकली. भाभींनी डब्यातून गोड सांदणं आणली होती. मी म्हटलं, इथे सही करा. हुसैनमियाँने पेन काढलं. भाभी म्हणाल्या, "वाचून तरी दाखवा भाऊ. वाचल्याबिगर सही करू नये." नाही म्हणायला माझं तोंड उघडलं आणि मी वाचायला लागलो.

पहिलं कलम झालं. हुसैनमियाँ म्हणाला, "थांब." मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे वाचलं नसतं. छपराच्या झाकणापर्यंत आलो तेव्हा आमिनाभाभींनी कागदावर हात ठेवला.

"ती आत्ता आत हाय?"

"हो."

"या घडीला? कुलपात?"

"हो."

"तीन वर्षं मी तुमच्याकडून तिला गावाला सलाम धाडते. तो कुठं पोचवलात?"

"पोचवला, भाभी. दर शुक्रवारी."

त्या उभ्या राहिल्या. "चावी द्या."

मी म्हटलं, अजून पाच कलमं आहेत. त्या म्हणाल्या, "ती ह्यांना वाचा. चावी द्या मला."

माझा हात खिशात गेला पण मूठ सुटेना. ती किल्ली मी कोणाच्या हातात दिलेली नव्हती. हुसैनमियाँने माझं मनगट धरलं, जोर न लावता, नुसतं धरून ठेवलं. मग मी दिली.

पुढची कलमं मी मान खाली घालून वाचली.  हुसैनमियाँच्या दुकानातलं वाचलं तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाला, "मी हसलो होतो." मी म्हटलं, तुला काय माहीत. तो म्हणाला, "देवेशला आत्ता फोन लाव." मी फोन त्याच्यापुढे धरला, त्यानेच लावला. पूर्वाने उचलला. हुसैनमियाँने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि मग फोन माझ्या कानाला आला.

"काका, काकी आता ठीक आहेत ना? त्यांना पाणी दिलंय?"

"हो."

"मग बाकीचं नंतर. आम्ही निघतोय. व्हिसाचं काय ते देवेश बघेल. तुम्ही आता कुलूप नका लावू, प्लीज."

मोहनमाळेचं तिला सांगायचं राहिलं.

फोन ठेवून मी वर बघितलं तेव्हा सुगंधा आणि आमिनाभाभी आमच्याच दिशेने येत होत्या. भाभींनी तिचा हात धरलेला नव्हता. तीन वर्षांत मी तिला हात न धरता उन्हात आणलेलं नाही. मी उठायला गेलो तर हुसैनमियाँने मला बसवलं. सुगंधा भाभींना सांगत होती, "माजो घोव पंपार गेलोहा." भाभी म्हणाल्या, "चला तर, बघूया हाय काय तिथं." त्या पंपखोलीपर्यंत आल्या. सुगंधेने आत डोकावून पाहिलं, मोटरीकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. भाभींनी विचारलं, "हे काय ते?"

ती म्हणाली, "ह्यो न्हय," आणि पुढे चालायला लागली, बागेच्या त्या टोकाला, जिथून रस्ता दिसतो. आमिनाभाभी तिच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून गेल्या.

माझं काळीज अजून ठिकाणावर नाही. त्या दोघी मला इथून झाडांमधून दिसतात, मध्येच दिसेनाशा होतात. मस्कतहून गाडी यायला तीन तास लागतील आणि त्यानंतर काय काय उभं राहणार आहे, पोलीस, कागद, विमान, याची मला भीती वाटते. पण आता मी मेलो तरी ती बाहेर आहे. त्यामुळे कलम १ आणि कलम २ मी या कलमाने रद्द करतो. कलम ६ मात्र माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू समजावं.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारासमोर सही केलं आहे.

ठिकाण: अर्बाब खल्फान यांची बाग, इब्री, ओमान
दिनांक: १५ एप्रिल २०१६, शुक्रवार

सही: तानाजी विश्राम धुरी

साक्षीदार पहिला: हुसैनमियाँ, किराणा दुकानदार, इब्री. सही केली.

साक्षीदार दुसरी: आमिना, हुसैनमियाँ यांची पत्नी, इब्री. सही बाकी. सुगंधेला अजून परत यायचं नाही, म्हणून त्या तिच्याबरोबर फिरत आहेत. आल्यावर करतील.